मोडायची गिटार

मी गिटार बोलतेय. नुसती बोलतेय, वाजत नाही. जन्मात एक सूर काढलेला नाही मी, आणि तरीही या शहरातल्या कितीतरी पोरापोरींनी माझ्यासाठी घसा बसेपर्यंत आरडाओरडा केलाय. माझी हकिगत सांगायला मला लाज वाटते, पण मनात ठेवूनही करमत नाही.

कारखान्यात माझं धड एका जाड फळीतून कापून काढलं. काळा चकचकीत रंग चढवला, मान बसवली, तारा ओवल्या. मग तपासणीच्या टेबलावरच्या बाईने मला डोळ्यांसमोर आडवी धरली, एक डोळा मिटून मानेवरून नजर फिरवली आणि पाठीवर खडूने फुली मारली. माझी मान किंचित पिळलेली होती. अशा मानेवर सूर जागेवर लागत नाहीत. मग आवाज पकडणारी यंत्रं माझ्यात बसवायची तसदी कुणी घेतली नाही. त्यांच्या जागेवर नुसतं काळं झाकण लावलं, आणि मी एका वाद्यांच्या दुकानात काचेमागे शोभेला उभी राहिले.

तिथे एके दिवशी जाड भिंगांचा चष्मा लावलेला एक सडपातळ तरुण आला. बरोबर त्याचा मामा होता. तरुणाने माझ्याकडे बोट दाखवलं.

"ही वाजत नाही हं," दुकानदार म्हणाला. "आधीच सांगतो, नंतर माझ्या नावाने ओरडू नका."

"वाजायला नकोच आहे. मोडायला हवीय."

दुकानदाराने मामाकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघताय," मामा म्हणाला. "मी आपला सोबत आलोय."

त्या तरुणाचा रॉक बँड होता. दिवसा तो चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेमीत बसवायचा, गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा ठेवून "टोचतंय का कुठे?" असं हळू आवाजात विचारायचा. स्टेजवर मात्र लोक त्याला वादळ म्हणायचे. आणि रॉक म्हटलं की काही गोष्टी आल्याच. काळे कपडे आले, तोंडावर केस आले, डोळ्यांभोवती काजळ आलं. हसायचं नाही, हा तर पहिला नियम. गाण्याच्या मध्यावर गिटारवाल्याने एकट्याने पुढे येऊन, गुडघे वाकवून, आकाशाकडे तोंड करून वाजवायचं. धूर सोडायचा. आणि सगळ्यात शेवटी गिटार जमिनीवर आपटून फोडायची.

रॉकवाल्यांना चष्मा चालत नाही, म्हणून वादळ तो काढून खिशात ठेवायचा. मग त्याला दोन हातांपलीकडचं काही दिसायचं नाही, आणि तो डोळे बारीक करून बघायचा. पोरांना वाटायचं, काय हा संताप! त्यांचा गायक विम्याच्या कचेरीत कामाला होता. त्याला धुराचा त्रास व्हायचा आणि दुसऱ्या गाण्यानंतर तो हमखास खोकायचा. काही दिवसांनी पुढच्या रांगेतली पोरंसुद्धा त्याच जागी, तशीच मान खाली घालून खोकू लागली. मामाला याचं फार हसू यायचं. तेव्हा मलाही यायचं.

मामा सुतार होता. त्याने मला आपल्या कामाच्या टेबलावर आडवी घातली आणि कपाळाला हात लावला.

"खुर्च्या मोडू नयेत म्हणून मी जन्मभर झिजलो," तो म्हणाला, "आणि सख्खा भाचा काम घेऊन येतो ते हे."

"मामा, दर वेळी नवी कुठून आणू? आणि माझी चांगली गिटार मी मरेन पण फोडणार नाही."

"मग फोडूच नकोस ना."

"न फोडून कसं चालेल? पोरं त्यासाठी तर थांबतात."

मामाने माझी मान धडापासून सोडवली, सांधा पोखरला आणि त्यात मऊ लाकडाची एक खीळ बसवली. आपटलं की खीळ तुटायची आणि मान एकीकडे, धड एकीकडे व्हायचं. कार्यक्रम संपला की मामा नवी खीळ ठोकायचा, की मी पुन्हा धडधाकट. तारा सैलच ठेवायच्या. ताणल्या असत्या तर त्यांच्या ओढीनेच मी भलत्या वेळी मोडले असते. शेवटच्या गाण्याआधी दिवे घालवायचे, ड्रमवाल्याने एकट्याने धुमाकूळ घालायचा, तेवढ्यात वादळ आपली खरी गिटार पडद्याआड मामाच्या हातात द्यायचा आणि मला घ्यायचा. मोडण्याचा तो भयंकर आवाजसुद्धा माझा नव्हे. तो ड्रमवाला काढायचा.

खरी गिटार लाल मखमलीच्या पेटीत राहायची. चष्म्याची काच पुसायच्या मऊ कापडाने वादळ तिला पुसायचा. मी पोत्यात गुंडाळलेली असायचे. पण पहिल्यांदा मी मोडले आणि सगळं सभागृह उठून ओरडलं, तेव्हा मला ते आवडलं. इतकं आवडलं की मी पुढच्या कार्यक्रमाची वाट बघू लागले. मखमलीतल्या त्या बाईसाहेब एवढं छान वाजतात, पण लोक खुर्चीवर चढतात ते माझ्यासाठी, असं मी मनात म्हणायचे. आज ते आठवलं की कुठे तोंड लपवू असं होतं.

पुढच्या रांगेत नेहमी एक मुलगी असायची. शाळकरी, दोन वेण्या सोडून केस तोंडावर घेतलेली, दादाचा असावा असा ढगळ काळा शर्ट घातलेली. बाकीची पोरं माझ्याकडे बघायची. ही वादळच्या बोटांकडे बघायची आणि मांडीवर आपली बोटं तशीच चालवायची. मी आपटले की मात्र तीही सगळ्यांबरोबर उभी राहायची. वादळला ती कधी दिसली नाही. चष्मा खिशात होता ना.

एका दुपारी तिच्याच शाळेने बँडला पाहुणे म्हणून बोलावलं. आधी मुलांचे कार्यक्रम, मग हे. मंडळी एका रिकाम्या वर्गात काजळ घालत बसली होती. मला मामाने स्टेजच्या कडेला, पडद्याआड भिंतीला टेकवून ठेवलं होतं आणि तो चहा शोधायला गेला होता. तेव्हा ती आली. सगळे तिला छोटी म्हणत होते. तिच्या हातात एक साधी लाकडी गिटार होती, बोटं फिरून फिरून रंग उडालेली. "ताईचीय, जपून धर," असं तिने खुर्ची आणून देणाऱ्या मैत्रिणीला बजावलं. मग ती स्टेजवर जाऊन बसली आणि एकटीच वाजवू लागली.

मी तोवर जे ऐकलं होतं ते धूर आणि गोंगाटातलं. हे वेगळं होतं. जाड तारेवर एकेक सूर वर चढत होता, सावकाश, दमलेलं माणूस जिना चढतं तसा. शेवटच्या सुराच्या आधी ती थांबायची. नुसती गप्प, पायाने ठेका धरून. मग दोन हलके ठोके, गिटारच्या लाकडावर, एकामागून एक. आणि मग तो शेवटचा सूर. कुणाचं आहे हे, कशाबद्दल आहे, मला कळलं नाही. पण त्या गप्प जागेत माझ्या सैल तारासुद्धा हलल्यासारख्या झाल्या.

तिचं संपलं. थोड्या टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "चला, पुढचं आणा." मग पाय आपटणं सुरू झालं. "वादळ, वादळ, वादळ." छोटी तिथेच उभी होती. तिने सगळीकडे बघितलं, केस तोंडावर ओढले, आणि ताईची गिटार मानेला धरून डोक्यावर उचलली.

मला ओरडायचं होतं. पण मला आवाज कुठे आहे.

तिने ती आपटली. ड्रमवाला नव्हता, त्यामुळे धड आवाजही झाला नाही. लाकडी खोक्यावर कुणी चुकून बसावं तसा नुसता चुरडल्याचा आवाज. पण सभागृह उठलं. आता पोरं तिच्या नावाने ओरडत होती. तोच आरडाओरडा, फक्त नाव वेगळं, जो ऐकायला मी पोत्यात पडून आसुसायचे. छोटीने तुकडे गोळा केले आणि धापा टाकत, हसत, माझ्या शेजारी येऊन बसली.

बँडचा कार्यक्रम तिने तिथूनच बघितला. म्हणजे पहिल्यांदाच कडेने बघितला. दिवे गेले, तशी ती लालबुंद चेहऱ्याने पुढे सरकली, आणि वादळ आपली खरी गिटार मामाच्या हातात देऊन मला उचलताना तिने पाहिलं. मामाने ती गिटार मऊ कापडात गुंडाळून पेटीत ठेवली, तेही पाहिलं. मी मोडले. पोरं ओरडली. दोन तुकड्यांत मी परत आले तेव्हा मामाने सवयीने तुटकी खीळ उपसली, नवी ठोकली आणि मला भिंतीला उभी केली.

ती रागावेल असं मला वाटलं होतं. तिचा चेहरा उलट उजळला.

"म्हणजे ही जोडता येते?"

"येते की," मामा म्हणाला.

"मग माझीही जोडा ना, काका. ताई घरी यायच्या आत." तिने ओटीतले तुकडे पडद्याआडच्या एका टेबलावर ठेवले. मामाने ते एकेक करून हातात घेतले, उलटे करून बघितले, परत खाली ठेवले.

"पोरी," तो शेवटी म्हणाला, "तुझी मोडायला बनवलेली नव्हती गं."

तोवर वादळ आत आला होता. त्याने खिशातून चष्मा काढून लावला, आणि पहिल्यांदा त्याला ती दिसली. मग टेबलावरचं ते सगळं दिसलं. त्याने लाल पेटी उघडली आणि आपली खरी गिटार तिच्यापुढे धरली.

"ही घे."

"नको. ताई विचारेल तिची कुठेय." तिच्या डोळ्यांतलं पाणी आता काजळासकट गालावर आलं होतं. "तुम्ही सांगाल तिला? माझ्याने नाही सांगवणार."

तो मला घेऊन तिच्या घरी गेला, स्टेजवरचं मोडणं खोटं होतं याचा पुरावा म्हणून. वरच्या मजल्यावरची छोटी खोली, दाराशी चपलांची फळी. ताई इस्पितळात नर्स होती, संध्याकाळी यायची. वादळ खुर्चीच्या टोकावर बसून होता, काजळ अजून पुसलेलं नव्हतं. आणि मग जिन्यावर पावलं वाजली. एकेक पायरी, सावकाश, दमलेली. शेवटच्या पायरीच्या आधी पावलं थांबली. दिवसभर उभं राहून अवघडलेल्या पायांतले बूट तिने तिथेच काढले, एक आणि मग दुसरा, दोन हलके ठोके. मग शेवटची पायरी.

ते गाणं कशाबद्दल होतं ते मला तेव्हा कळलं. छोटी रोज संध्याकाळी जे ऐकत बसायची, तेच तिने सुरांत बसवलं होतं.

वादळने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. माझी खीळ उपसून तिच्यासमोर माझे दोन तुकडे करून दाखवले. आजवर कितीदा मोडले, पण एवढी उघडी कधी पडले नव्हते. ताईने तुकड्यांची पिशवी मांडीवर घेतली होती. ती ओरडली नाही.

"मी हिच्यावरच शिकले होते," ती म्हणाली. "बरं, ते जाऊ दे. तिने वाजवलं काय?"

वादळने छोटीकडे पाहिलं.

"तुम्ही होतात ना तिथे? काय वाजवलं तिने?"

"मी आत होतो," तो म्हणाला. "तयार होत होतो."

"कुणीतरी ऐकलं असेल."

छोटी भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिने मान हलवली. "कुणी नाही ऐकलं. जाऊ दे ना ताई. काही खास नव्हतं."

मी ऐकलं होतं. अख्ख्या शाळेत एक मीच, दिखाऊ, पिळलेल्या मानेची, आवाज नसलेली. सांगण्यासारखं आयुष्यात पहिल्यांदा काही माझ्याकडे आलं, आणि ते सांगायला मी अशी. त्या खोलीत मला स्वतःची जेवढी शरम वाटली, तेवढी कधीच वाटली नाही.

निघताना वादळने मला उचललं, तेव्हा ताई म्हणाली, "ही इथेच राहू द्या. म्हणजे परत मोडायला मिळणार नाही." त्याने मान खाली घालून मला ठेवलं. बँड अजून वाजवतो म्हणे, वादळ आता चष्मा लावून. पोरं आता कमी येतात.

मी चपलांच्या फळीशेजारी उभी आहे. मामा येऊन माझा सांधा पक्का करून गेला, पण त्यानेही सांगितलं की ही कधी वाजायची नाही. छोटी येता-जाता माझ्याकडे बघत नाही, आणि मांडीवर बोटं चालवायचंही तिने सोडलंय. ताई विचारते, ती विषय बदलते.

छोटी, मी तुझी माफी मागत नाही, मागायला तोंड नाही मला. एवढंच कर. माझ्या तारा असून नसल्यासारख्याच आहेत, पण पाठ चांगली जाड लाकडाची आहे. तिच्यावर बोटांनी नुसतं वाजवून बघ, चढत जा, मग थांब, मग ते दोन ठोके. ऐक, खालचं दार वाजलं. ताई जिना चढतेय. आता ती थांबलीय, बूट काढायला. वाजव.