‘बिफोर’चं वाक्य

पप्पांना इंग्रजी शिकवायचं ठरलं तेव्हा मी एकच नियम घातला: वाक्य खरं पाहिजे. पुस्तकातल्या रामाने आधीच आंबा खाल्लेला असतो, तो कोणाच्या लक्षात राहत नाही. स्वतःचं घडलेलं राहतं. बीएस्सीला मी सूत्रंसुद्धा अशीच पाठ केली होती, प्रत्येकाला घरातली एक वस्तू लावून.

वर्ग भरायचा मुरबाडच्या स्टँडबाहेर, पप्पांच्या जीपमध्ये. कल्याणची सीटं भरेपर्यंत गाडी हलत नाही, तेवढा वेळ आमचा. माळशेजच्या रस्त्याला नवीन रिसॉर्ट झालं होतं. तिथे पाहुण्यांना फिरवायला पगारी ड्रायव्हर हवा होता, थोडंफार इंग्रजी येणारा. पप्पांची कंबर पार गेली होती. उन्हात ओरडून सीटं भरणं आता त्यांच्याने होत नव्हतं. ही नोकरी त्यांना हवीच होती.

पाहुणे जास्त करून आधी झालेल्या गोष्टीच विचारणार. टायर तपासलेत का, या घाटात गाडी चालवलीय का. म्हणून मी सुरुवात ऑलरेडी, अर्लिअर, बिफोर यांच्यापासून केली.

“आय हॅव ऑलरेडी चेक्ड द टायर,” पप्पा स्टिअरिंगकडे बघून म्हणाले.

“टायर्स. चार आहेत.”

“पाचवा घासलाय. तो धरू का नको?”

मागे धसईची सकुबाई भाजीची पाटी मांडीवर घेऊन बसली होती. ती हसली. “मंगेश, पोरगी छडी आणंल हां उद्या.”

“आणू दे. मास्तरांची खाल्लीय, हिची पण खातो.”

अर्लिअर त्यांना लगेच जमलं. बिफोरला मी वाक्य दिलं, “आय हॅव नेव्हर हॅड ॲन ॲक्सिडेंट बिफोर.” याआधी माझ्या हातून कधीच अपघात झालेला नाही. मुलाखतीत हे विचारणारच.

“हे नको,” पप्पा म्हणाले.

“का? खरंच आहे ना?”

त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “कल्याण, कल्याण! एकच सीट!” आत निम्मी जीप रिकामी होती.

वाक्य लांब आहे म्हणून नको असेल, असं मी धरून चालले. अपघाताचं मला ठाऊक होतं, पण तो पप्पांचा नव्हता. मी तीन वर्षांची असताना पंकजकाका, पप्पांचे थोरले भाऊ, टोकावड्याजवळ जीपसकट उलटले आणि गेले. शेजारी बसलेले पप्पा वाचले. गाडी काकाच चालवत होते, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. आजी गेल्या वर्षी वारली, तोवर ती बाळीकाकूंना तोंडावर ऐकवायची, “तुझ्या नवऱ्याला उडायचं होतं. माझा दुसरा पण नेत होता.” “होय आत्याबाय,” म्हणून काकू मान खाली घालायच्या. आमच्या घरात त्यांनी कधी कशावर हक्क सांगितला नाही. नवऱ्याच्या चुकीचं देणं असल्यासारख्या वागायच्या.

मुलाखतीला रिसॉर्टच्या मॅडमनी मलाही शेजारी बसू दिलं. पप्पांनी टायर सांगितले, घाट सांगितला, अर्लिअर आपण भातशेती करत होतो हेही सांगितलं. मॅडम खुश दिसल्या.

“एनी ॲक्सिडेंट्स बिफोर?”

पप्पांचं लायसन स्वच्छ आहे. नेव्हर म्हटलं असतं तर कागदांनीही होच म्हटलं असतं.

“येस मॅडम,” पप्पा म्हणाले. “वन. बिफोर. आय ड्रायव्हिंग. माय ब्रदर सिटिंग. आय स्लीप.” मॅडमचं पेन थांबलं. “आय पिक हिम. ही वॉज ऑलरेडी डेड.”

वाक्यं मोडकी होती, पण दोन्ही शब्द जिथे हवेत तिथे आले होते. मी ते तपासले. सवय. अर्थ त्यानंतर पोचला.

“वी विल कॉल यू,” मॅडम हळूच म्हणाल्या. फोन येणार नाही हे पप्पांनाही कळलं.

परतताना बराच रस्ता गेल्यावर मी विचारलं, “तुम्ही चालवत होता?”

“डुलकी लागली गो. पोलिसांनी विचारलं, कोण चालवत होतं? दादा तर गेलेला. मेलेल्याचं लायसन कोण घेणार? बोललो, दादा.”

“आणि काकू?”

“सांगणार होतो. पयले बोललो, बारावं होऊ दे. मग, वहिनीचा हर्षित शाळेत जाऊ दे. मग आईसमोर नको.” त्यांनी गिअर बदलला. “मग इतकी वर्षं का नाय बोललो, ते पण सांगायला लागलं असतं.”

“मग आज कसं बोललात?”

“इंग्रजीत रडू येत नाय. शब्दच नायत तेवढे.”

घरी काकू ओट्यावर वाल सोलत होत्या. “झालं का काम, भावजी?”

“नाय.”

“होईल दुसरीकडं. तुमच्यासारखा हात हाय का कोणाचा तालुक्यात? आमच्या ह्यांच्यासारखे थोडेच तुमी.”

पप्पा पायरीवरच थांबले. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

“वहिनी, गाडी मी चालवत होतो.”

“कदी?” काकूंनी विचारलं. मग सोलायचे हात थांबले. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“आत्याबाय ऱ्हायल्या नाय ऐकायला,” काकू म्हणाल्या, आणि पुढचा वाल उचलला.

पप्पा उभेच होते. त्यांना कोणी बसा म्हटलं नाही, मीसुद्धा.