सॉसेजच्या पाकिटातले खेळाडू

क्लेम ग्राबोव्स्कीच्या हृदयाचं ऑपरेशन मंगळवारी झालं, आणि शनिवारी दुपारी त्याच्या घराच्या तळघरात पाणी शिरलेलं त्याच्या बहिणीच्या लक्षात आलं. मधल्या चार दिवसांत मिलवॉकीत पाऊस थांबला नव्हता. उरलासुरला बर्फही त्याच आठवड्यात वितळला होता.

आर्लीन त्याच्याहून दोन वर्षांनी लहान, म्हणजे पन्नाशीची. क्लेमने लग्न केलं नाही, त्यामुळे इस्पितळात जाताना घराची किल्ली तिच्याकडेच आली. मांजराला खायला घालायचं, टपाल आत आणायचं, एवढंच काम. त्या शनिवारी मांजराची थाळी भरताना तिला ओल्या मातीसारखा वास आला. तिने तळघराचं दार उघडलं. खालच्या तीन पायऱ्या दिसत नव्हत्या.

तिने भिंतीवरचं बटण दाबलं, दिवा लागला नाही. मग स्वयंपाकघरातून टॉर्च आणला, पायमोजे काढले, पँट दुमडली आणि ती उतरली. पाणी गुडघ्यापर्यंत होतं आणि इतकं गार की तिच्या तोंडून शिवी गेली. पाणी उपसायचा पंप कोपऱ्यात गप्प उभा होता. सगळ्यात खालच्या फळीवर क्लेमच्या चिरुटांच्या लाकडी पेट्या होत्या. त्या अर्ध्याअधिक बुडाल्या होत्या.

त्या पेट्यांत काय आहे हे तिला वेगळं सांगायला नको होतं. ती दोघं लहान असताना हाउस्नर कंपनीच्या सॉसेजच्या प्रत्येक पाकिटात ब्रेव्ह्ज संघातल्या एका बेसबॉल खेळाडूचं चित्र निघायचं, पत्त्याएवढं, पुठ्ठ्यावर छापलेलं. दोन वर्षं त्या घरात दुसरं काही शिजलं नाही म्हटलं तरी चालेल. बाप वैतागून म्हणायचा, "अरे, या पोराला कोणीतरी डुकराचं मांस न लागणारा छंद शिकवा." पुढे नाश्त्याच्या कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यांवर पाठीमागे तशीच चित्रं यायला लागली. ती कात्रीने कापून घ्यावी लागत. क्लेमची कात्री वाकडी चालायची, म्हणून कापायचं काम आर्लीनचं. कंपनी बुडाली, ब्रेव्ह्ज शहर सोडून गेले, क्लेम दारूच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करायला लागला, पण जमवणं काही थांबलं नाही. जी चित्रं लहानपणी मिळाली नव्हती ती त्याने मोठेपणी जुन्या बाजारांतून, पत्रं लिहून, लोकांच्या मिनत्या करून मिळवली. हाउस्नरची चौसष्टच्या चौसष्ट चित्रं असलेली माणसं फार नव्हती. क्लेम त्यांतला एक होता.

आर्लीनने पेट्या वर आणल्या, त्यांच्यासोबत कॉर्नफ्लेक्सच्या चित्रांची वहीही. वही उघडायला गेली तर पानं हातात लगद्यासारखी आली. तिने स्वतः, तेराव्या वर्षी, रेघेवरून कात्री न ढळू देता कापलेले ते चौकोन आता एकमेकांत विरघळून गेले होते. ती तशीच ओल्या पायांनी स्वयंपाकघरात बसून राहिली.

मग तिने घाई केली. क्लेमच्या न्हाणीघरातलं केस वाळवायचं यंत्र आणलं आणि पहिल्या पेटीतली वरची तीन चित्रं टेबलावर मांडून त्यांच्यावर गरम वारा सोडला. मिनिटभरात तिन्ही चेहऱ्यांवर धुकं चढल्यासारखं पांढुरकं काहीतरी पसरलं. तिने यंत्र बंद केलं.

तेवढ्यात फोन वाजला. इस्पितळातून क्लेम.

"काय गं, कशी आहेस?" त्याचा आवाज अजून खरखरीत होता.

"मी ठीक. तू कसा आहेस?"

"छातीवरून गाडी गेल्यासारखं वाटतंय. आर्ली, तू तळघरात नाही ना गेलीस?"

"नाही. कशाला जाऊ?"

"बरं," तो म्हणाला, आणि त्याने सोडलेला श्वास तिला फोनवरही ऐकू आला. "बरं. नकोच जाऊस."

शुद्धीवर आल्यापासून तो रोज हेच विचारत होता. चित्रांना कोणी हात लावू नये म्हणून, असं तिने धरून चाललं होतं. चार दिवसांपूर्वी ज्याची छाती उघडली, त्याला ही बातमी कशी द्यायची?

लिंकन रस्त्यावर फेलिक्स व्होयचिक यांचं जुन्या कार्डांचं दुकान होतं. क्लेम दर शनिवारी तिथे जाऊन बसायचा. आर्लीनने एक पेटी टॉवेलात गुंडाळली आणि तिथे नेली. व्होयचिक ऐंशीच्या घरातले, बोलायला सावकाश. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, पेटीतून एक चित्र काढलं, उजेडात धरलं आणि त्यावरचं पाणी हातरुमालाने टिपलं. खाली खेळाडू जसाच्या तसा, टोपीचा निळा रंगसुद्धा उडाला नव्हता.

"बाई, ही कुठे राहायची आठवतंय ना?" ते म्हणाले.

"सॉसेजच्या पाकिटात."

"ओल्या, चरबीने माखलेल्या सॉसेजला चिकटून. आठवडा आठवडा. छापणाऱ्यांनी तो विचार केला होता. दोन्ही बाजूंनी मेण चढवलंय. कडेने थोडं पाणी आत गेलं असेल, बाकी काही नाही. टिपून घ्या, एकमेकांवर ठेवू नका, सावलीत वाळू द्या. आच मात्र दाखवायची नाही. मेण वितळतं."

"मी दाखवली," आर्लीन म्हणाली.

"किती चित्रांना?"

"तीन."

"मग एकसष्ट राहिली," ते म्हणाले. "मी जातो म्हणून सांगू का त्याला? माझ्यावर तो ओरडणार नाही. मला नीट ऐकू येत नाही हे त्याला ठाऊक आहे."

"नको. माझं मीच सांगते."

तो रविवार तिने टिपकागद आणि टॉवेलांत घालवला. जेवणाच्या टेबलावर, पलंगावर, कपडे वाळवायच्या जाळीवर, जिथे जागा मिळेल तिथे खेळाडू मांडले. मांजराला न्हाणीघरात कोंडलं, ते तासन्‌तास तक्रार करत राहिलं. संध्याकाळपर्यंत एकेक चित्र कोरडं होत गेलं, आणि तिच्या खांद्यांवरचं ओझंही तेवढंच हलकं होत गेलं. सगळं नाही. कॉर्नफ्लेक्सची वही अजून कचऱ्याच्या डब्याशेजारी पडली होती, टाकवत नव्हती.

सोमवारी ती इस्पितळात गेली. क्लेम उशांना टेकून बसला होता, पुढ्यात बेचव मटारांची ताटली. तिने खुर्ची ओढली आणि एका दमात सांगून टाकलं. पाणी, पेट्या, वाळवायचं यंत्र, तीन चित्रं, वही, व्होयचिक, सगळं.

क्लेमने चमचा खाली ठेवला. "तू पाण्यात उतरलीस?"

"गुडघ्यापर्यंतच होतं. तू ऐकतोयस का? वही गेली. तीन चित्रं मी माझ्या हाताने..."

"दिव्याचं बटण दाबलंस?"

"दाबलं. लागला नाही दिवा."

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आर्लीन उठून नर्सला हाक मारणार, तेवढ्यात तो हातांआडून म्हणाला, "बस. मला काही होत नाहीये. ते बटण शॉक देतं, आर्ली. भिंत ओली झाली की जास्तच. फेब्रुवारीपासून आज करीन, उद्या करीन चाललंय. पंपाने फ्यूज उडवला असणार, म्हणून तू वाचलीस."

ती परत खुर्चीवर टेकली. "आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"शुद्धीवर आलो तेव्हा पहिलं तेच आठवलं. बाहेर पाऊस, आणि घशात नळी. नळी काढल्यावर लगेच तुला फोन केला. तू म्हणालीस, गेले नाही. मग म्हटलं, कशाला बोलणी खा. यंत्रं दुरुस्त करणारा माणूस मी, आणि घरातलं बटण असं."

"रोज विचारत होतास तळघराचं. मला वाटलं, चित्रांसाठी."

"चित्रं?" तो म्हणाला. "मी इथे डोळे मिटले की तू पायऱ्यांवर पडलेली दिसायचीस. बाई, मी सहा दिवस नीट झोपलेलो नाही."

"मी पण नाही," आर्लीन म्हणाली, आणि तिला हसू यायला लागलं. त्यालाही आलं, पण टाके ओढायला लागल्यावर तो "हसवू नको" म्हणत छातीशी उशी धरून बसला. त्याचे डोळे ओले होते. तिचेही.

पुढच्या शुक्रवारी तो घरी आला. वायरमन येऊन गेला होता, तळघर कोरडं होतं. वही त्याने स्वतःच टाकली. त्याआधी एक लगदा झालेलं पान उलटून बघत तो म्हणाला, "सरळ कापायचीस मात्र." मग टेबलाशी बसून त्याने पेट्या पुढे ओढल्या. चष्मा इस्पितळातच राहिला होता, म्हणून नावं वाचायला आर्लीन. ती वाचत गेली, तो क्रम लावत गेला. ती तीन पांढुरकी चित्रं आली तशी त्याने बोटाने पुसून पाहिली आणि आपापल्या जागी ठेवून दिली. खिडकी उघडी होती. आर्लीनने पुढचं नाव वाचलं.