काळ्या पट्टीपाशी वळलेली प्रदक्षिणा

या, जरा पुढं सरकून बसा. बुवांनी आख्यान लावलं की मागच्यांना निम्मंच ऐकू येतं, म्हणून म्हणते. ते येईस्तोवर आज लातूरची गोष्ट सांगते, आणि ती चंद्रावरची हाय.

आमच्या शेजारची दामिनी शाळेत भूगोल शिकवते. यानांनी काढलेले ग्रहांचे फोटो जोडून हवा तसा नकाशा करून देणारं सॉफ्टवेअर तिला सापडलं. तिनं चंद्रावरचं एक गोल विवर निवडलं आणि प्रदर्शनासाठी शाळेच्या अंगणात मावेल एवढा फ्लेक्स छापून आणला. कडेनं चालायचं, एक पाऊल म्हणजे दहा किलोमीटर. उत्तरेला तेवढी एक काळी पट्टी राहिली, विवरातून बाहेर गेलेली. तिथला फोटोच नव्हता.

तीन वाजता परीक्षक येणार होते. माप जुळलं नाही तर नकाशा गुंडाळायचा, असं मुख्याध्यापकांनी बजावलेलं. दामिनी आत संगणकापाशी, आणि बाहेर तिचे वडील बसलिंगप्पा पावलं मोजत होते.

"अप्पा, किती?"

"शेहेचाळीस!"

"चोवीसच यायला पाहिजेत!"

"मंग तुझा चंद्र फुगला असंल."

ती चक्रावली. माप भरताना चुकलं का? गोल चंद्र सपाट करताना ताणला गेला का? तिनं तीनदा आकडे भरले. तिन्ही वेळा चोवीस. अप्पांनी तीनदा मोजलं. तिन्ही वेळा शेहेचाळीस.

पावणेतीनला नकाशावरचं माप खोडायला ती मार्कर घेऊन बाहेर आली आणि जागीच थांबली. अप्पा काळ्या पट्टीपर्यंत गेले, हात जोडले, उलटे फिरले, दुसऱ्या बाजूनं पट्टीपर्यंत आले आणि पुन्हा माघारी वळले.

"अप्पा, हे काय करायलात?"

"महादेवाच्या तीर्थाची पन्हाळ कुणी वलांडतं का?"

"अहो, ती पन्हाळ न्हाई! तिथला फोटो न्हाई मिळाला."

"मंग तिथं काय हाय?"

दामिनीनं मार्कर खाली ठेवला. ती स्वतःच चालू लागली. तेवीस पावलं पट्टीच्या या काठापासून फिरून त्या काठापर्यंत, चोविसावं पट्टीवरून. माप बरोबर होतं; अप्पांची शेहेचाळीस म्हणजे तेवीस जाताना, तेवीस येताना. पण त्या एका पावलाआधी तिनं चपला का काढल्या, ते तिला अजून सांगता येत नाही.

नकाशा प्रदर्शनात राहिला. अप्पा मात्र यंदा आपल्यात नाहीत. तेव्हा बाबांनो, महादेवाच्या देवळात पन्हाळीपाशी माघारी वळाल, तिथं क्षणभर आमच्या बसलिंगप्पांना आठवा.