मनाच्या दवाखान्यातला हातोडा

मी एक जुना हातोडा आहे. मित्रांनो, लगेच खिळे शोधू नका! माझं डोकं रबराचं आहे. जन्म कारखान्यातला आणि नोकरी मानसोपचाराच्या दवाखान्यातली. म्हाताऱ्या डॉक्टरांनी मला कोटाच्या खिशात मानाची जागा दिली होती. रुग्णाच्या गुडघ्याखाली ते मला हलकेच मारत, की पाय आपोआप उडे. नाहीच उडाला, तर ते त्याला दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून ओढायला सांगत. लक्ष हातांकडे गेलं, की तोच पाय टुणकन उडे. मन कुठे संपतं आणि शरीर कुठे सुरू होतं, हे मला तेव्हापासून कळेनासं झालं.

पुढे त्यांची सून डॉक्टर म्हणून त्याच खुर्चीत बसली. "मनाच्या आजाराला हातोडा कशाला?" म्हणत तिने मला खणात टाकलं. मला ते फार लागलं. स्टेपलरशेजारी धूळ खात पडलो.

मग कपडे शिवणारी एक बाई नवऱ्याबरोबर येऊ लागली. सारखी झोप, कशात लक्ष नाही, मशीनवर हात चालेना. आई नुकतीच गेलेली, म्हणून सगळ्यांनी दुःखावर खापर फोडलं. औषधं झाली, बोलणं झालं, फरक शून्य.

"डॉक्टर, खरं सांगा, मला वेड लागतंय का? दुकान विकू म्हणतात हे," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. भर उन्हाळ्यात तिच्या अंगात स्वेटर होता. सूनबाई थबकल्या आणि त्यांनी खण उघडला.

बाईला खुर्चीवर गुडघे टेकायला सांगून त्यांनी मला घोट्यामागे मारलं. पाऊल हललं, पण जागेवर परतलं अगदी सावकाश, आळसावल्यासारखं. रक्त तपासलं. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी मंदावली होती; झोप, थंडी, घोगरा आवाज, सावकाश परतणारं पाऊल, सगळं त्यामुळेच. गोळ्या सुरू झाल्या. काही महिन्यांत पाऊल झटक्यात परतू लागलं आणि मशीनही धावू लागलं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

नवरा खुशीत म्हणाला, "म्हणजे मनाचं काही नव्हतंच! आता रडणं बंद कर बघू."

बाईने मान खाली घातली. "शिवताना आई आठवते हो अजून. मग मी बरी झालेच नाही का?"

"झालात की," डॉक्टर म्हणाल्या. "गोळी थायरॉइडवरची आहे, आईच्या आठवणीवरची नाही. सांगा, कशी होती आई?"

बाईने डोळ्यांना पदर लावला. शेवटी नवराच हळूच म्हणाला, "शिवण आईनंच शिकवलं ना गं तुला?" आणि ती रडत रडत बोलू लागली.

मित्रांनो, कुणी मनाने खचलं तर त्याचं अंगही तपासून घ्या. अंगातलं दुखणं सापडलं, तरी त्याच्या दुःखाची चौकशी सोडू नका. माणसाची विचारपूस करायची, तर सगळ्या माणसाची करा.