चोवीस तासांचं कलम

दुरुस्तीवाल्याने जुन्या संगणकाचा डबा टेबलावर ठेवला आणि आवाज खाली आणत तो म्हणाला, "ताई, हा तुमच्याकडचाच ना? सुरू केला तर आत लोकांचे आजार दिसतायत."

टेबलामागच्या बाईंनी हातातला कागद बाजूला ठेवला. कार्यालयात त्यांना सगळे कलमबाई म्हणत. कंपनीचं काम इस्पितळांचे जुने केसपेपर स्कॅन करून जपून ठेवण्याचं. त्यासाठी होणारे करार पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारं माणूस कार्यालयात एकच, आणि ते म्हणजे या बाई. कुणी रजेचं विचारलं तरी त्या आधी "कलम बघते" म्हणत. लोक हसत, बाईही हसत. अभिलेख विभाग सांभाळून त्यांना एकोणीस वर्षं झाली होती.

दुरुस्तीवाल्याने गेल्या महिन्यात कंपनीचे दोन जुने संगणक भंगारात घेतले होते. एक हा. त्यातला एक कागद त्याने उघडला, नाव आणि आजार वाचला आणि लगेच बंद केला. कागदावर ज्या इस्पितळाचं नाव होतं, तिथेच त्याची स्वतःची बहीण जात होती, तेव्हा त्याला ते बरं वाटेना. आणि दुसरा संगणक? तो त्याने जसाच्या तसा एका शिंप्याला विकला होता. दुकान साधारण कुठल्या रस्त्याला आहे एवढं आठवत होतं.

बाईंनी त्याला पाणी दिलं आणि आवक नोंदवहीत ओळ लिहिली. वेळ, सकाळी दहा वाजून दहा मिनिटं. मग कपाट उघडून संगणक बाहेर गेले त्या दिवसाची पावती काढली. 'डिस्क पूर्ण पुसल्याची खात्री केली' या छापील ओळीखाली सही होती. त्यांचीच.

तो दिवस त्यांना आठवला. तंत्रज्ञ दारातून "पुसल्यात बाई" म्हणाला होता आणि त्यांनी उभ्या उभ्या सही ठोकली होती. जगाचे करार वाचणाऱ्या बाईंनी स्वतःच्या सहीवरची ओळ वाचली नव्हती. पहिला विचार मनात आला तो हाच की ही पावती आपल्याच कपाटात आहे, दुसरं कुणी ती कधी बघणार नाही. तो विचार त्यांच्याच मनातला होता याची त्यांना लाज वाटली. त्या दोन संगणकांवर कुणाकुणाचे कागद होते याची यादी त्यांनी नोंदींवरून काढली, इस्पितळाला द्यायचं पत्र लिहिलं आणि पावतीसकट सगळं घेऊन त्या साहेबाच्या खोलीत गेल्या.

साहेब माणूस वाईट नव्हता. बावीस जणांचे संसार त्याच्या जिवावर चालत आणि त्याची त्याला जाणीव होती. या इस्पितळाचं काम म्हणजे कंपनीचं निम्मं काम, आणि करार पुढे चालू ठेवायचा की नाही ते येत्या पंधरा तारखेला ठरायचं होतं. ऐकून त्याच्या तोंडचं पाणी पळालं. मग तो भराभर बोलू लागला. आधी शिंप्याला गाठायचं, दुसरा संगणक परत आणायचा, दोन्ही डिस्का फोडून टाकायच्या. विषय संपला. कुणाचं काही बिघडलेलं नसताना आपणच दवंडी कशाला पिटायची?

बाईंनी करार उघडून चौदावं कलम पुढे ठेवलं. रुग्णांची माहिती परक्या हाती गेल्याचं कळल्यापासून चोवीस तासांच्या आत इस्पितळाला लेखी कळवायचं. काय घडलं, कुणाकुणाची माहिती, काय उपाय केला, आणि काय अजून माहीत नाही, तेसुद्धा. सगळं निस्तरल्यावर कळवा, असं त्यात कुठेही नव्हतं.

"बाई, असली कलमं भांडण झालं तर कोर्टात दाखवायला असतात," साहेब म्हणाला. "रोज त्यांच्यावर कुणी चालत नाही."

बाईंना त्यांची धाकटी बहीण आठवत होती. सव्वीस वर्षांपूर्वी तिच्या तपासणीचा कागद इस्पितळातल्या कुणीतरी कुणालातरी दाखवला आणि ठरलेलं लग्न मोडलं. लग्न मोडल्याचं दुःख तिने पचवलं असतं. पण कुणाला कळलंय आणि कुणाला नाही, हेच तिला कधी समजलं नाही. रस्त्यात समोरून येणाऱ्या प्रत्येक माणसाकडे ती संशयाने बघू लागली आणि शेवटी गाव सोडून गेली. घरच्यांना कुणी एका शब्दाने काही सांगितलं नव्हतं. बाईंनी ही गोष्ट कार्यालयात कधी काढली नव्हती, आत्ताही काढली नाही.

"यादी काढली मी," त्या म्हणाल्या. "सहाशे चौदा माणसं आहेत साहेब. आपली गोष्ट बाहेर गेली असेल, हे त्यांना कळायला नको?"

साहेबाने पावती उचलली, सहीवर बोट ठेवलं. "ही सही तुमची आहे. पत्र गेलं तर आधी तुम्ही जाल."

"हो. पत्रात तेही लिहिलंय."

साहेब सही करीना. पण करारात कळवण्याची जबाबदारी अभिलेख प्रमुखांच्या नावे होती. इस्पितळाचे फोन आपल्यामागे नकोत म्हणून खुद्द साहेबानेच ती तशी घालून घेतली होती. बाईंनी पत्रावर स्वतःची सही केली, एक प्रत साहेबाच्या टेबलावर ठेवली आणि बस पकडून त्या इस्पितळात गेल्या. पाच वाजायला वीस मिनिटं असताना त्यांच्या प्रतीवर पोच मिळाल्याचा शिक्का उमटला.

तिथली माहिती-सुरक्षा अधिकारी त्यांच्यापेक्षा वयाने बरीच लहान होती. तिने पत्र दोनदा वाचलं. आता झाडेल, आता झाडेल, म्हणून बाई पदर घट्ट धरून बसल्या होत्या. तिने एवढंच विचारलं, "दुरुस्तीवाले आत्ता भेटतील का?"

दिवस मावळायच्या आत तिघं जण शिंप्याच्या रस्त्याला होते. दुरुस्तीवाल्याने आधी दोन चुकीची दुकानं दाखवली. तिसरं बरोबर निघालं. शिंप्याने कापायच्या टेबलाखालून जुन्या चादरीत बांधलेला संगणक काढला. लेकीला पुढच्या आठवड्यात वाढदिवसाला द्यायचा म्हणून त्याने तो तिच्यापासून लपवून ठेवला होता. गाठसुद्धा सोडलेली नव्हती. तो बिचारा घाबरला, आपण चोरीचा माल घेतला की काय. अधिकारी तरुणीने त्याला सगळं समजावलं आणि वाढदिवसाच्या आत दुसरा संगणक घरपोच येईल असं लिहून दिलं. बाई बाहेर येऊन दुकानाच्या पायरीवर बसल्या. हसू येत होतं आणि डोळेही भरत होते. दुरुस्तीवाला शहाण्यासारखा दुसरीकडे बघत राहिला.

साहेब मात्र दहा दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलला. इस्पितळाने सहाशे चौदा माणसांना पत्रं पाठवली. मजकूर त्या अधिकारी तरुणीने बाईंकडूनच लिहून घेतला. वकिली शब्द एकही नाही. काय झालं, किती दिवस, कुणी काय पाहिलं, आणि शेवटी चूक आमची, असं सरळ.

पंधरा तारखेला साहेब बैठकीला निघाला तेव्हा बाईंनाही बोलावणं होतं. काम गेल्याचं बावीस जणांना कसं सांगायचं, याची साहेब गाडीत बहुधा मनात जुळवाजुळव करत होता.

बैठकीत अधिकारी तरुणीने दोन फायली पुढे ठेवल्या. दुसऱ्या एका कंत्राटदाराकडूनही अशीच माहिती फुटली होती. त्याने चार महिने तोंड उघडलं नाही, आणि इस्पितळाला ते कळलं ते रडत आलेल्या एका रुग्णाकडून. त्याचं काम त्या दिवशी सकाळीच काढून घेतलं होतं. मग इस्पितळाच्या संचालकांनी बाईंचं पत्र हातात घेऊन विचारलं, हे लिहिलं कुणी?

साहेब उभा राहिला. "आमच्या अभिलेख प्रमुखांनी," तो म्हणाला. "मी त्यांना अडवलं होतं. त्यांनी ऐकलं नाही म्हणून आज मी इथे उभा आहे."

करार तीन वर्षांसाठी पुढे गेला. अट एकच, यापुढे प्रत्येक डिस्क साक्षीदारासमोर फोडायची. आणि बाईंचं पत्र नमुना म्हणून बाकीच्या सगळ्या कंत्राटदारांकडे जाणार होतं.

बातमी त्यांच्या आधी कार्यालयात पोचली होती. दोघं दारात आल्यावर सगळीच्या सगळी माणसं उभी राहिली, तो तंत्रज्ञसुद्धा. त्याची मान खाली होती. दुपारी जेवणाचे डबे उघडल्यावर कुणीतरी म्हणालं, बाई, ते चौदावं कलम म्हणून दाखवा. बाईंनी ते अथपासून इतिपर्यंत तोंडपाठ म्हटलं. मध्ये कुणी हसलं नाही. संपल्यावर टाळ्यांचा असा गजर झाला की खालच्या मजल्यावरचे लोक वर बघायला आले.

न वाचता सही केल्याबद्दलचं ताकीदपत्र बाईंनी स्वतःच तयार केलं. साहेब नको नको म्हणत होता, पण त्यांनी सही घेतलीच, आणि कागदाला भोकं पाडून तो आपल्या सेवापुस्तकाच्या फायलीत लावला.

पुढच्या आठवड्यात एक साठीचे गृहस्थ आले. इस्त्रीचा शर्ट, हातात इस्पितळाचं पत्र. हे लिहिणाऱ्या बाई इथे असतात असं त्यांना इस्पितळात सांगितलं होतं. बाईंनी त्यांना आतल्या खोलीत नेऊन बसवलं आणि दार लोटून घेतलं.

"बावीस वर्षं ही गोष्ट मला आणि डॉक्टरांनाच माहीत होती," ते म्हणाले. "पत्र आलं त्या दिवशी मी बायकोला सांगून टाकलं. म्हटलं, उद्या दुसऱ्या कुणाकडून कळायला नको."

बाईंनी पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे सरकवला.

"ती अजून माझ्याशी बोलत नाही." त्यांनी पत्राची चौघडी घातली, ते शर्टाच्या खिशात ठेवलं आणि खिशाचं बटण लावलं. "पण सांगितलं मी. माझ्या तोंडाने सांगितलं. तेवढंच तुम्हाला सांगायला आलो."

त्यांनी नाव सांगितलं नाही आणि बाईंनी विचारलं नाही. ते उठले तसा बाईंनी दरवाजा उघडून धरला. मग दोघं एकेक पायरी करत दोन मजले उतरले आणि रस्त्यापर्यंत गेले.