आदल्या दिवशीचं इतिवृत्त

नऊ जणांनी फायली उघडल्या आणि सभागृहात अशी शांतता पसरली की मी दचकले. एरवी फाइल उघडली की माणसं खोकतात, चष्मे पुसतात, शेजारच्याच्या लेकीच्या लग्नाची चौकशी करतात. आज सगळे वाचत होते. विद्यापीठाच्या सभेत लोक समोरचा कागद वाचायला लागले की समजावं, कुठंतरी घोटाळा झालाय.

कोपऱ्यातल्या टेबलावर मी माझ्याजवळचा गठ्ठा उलटून पाहिला. विषयपत्रिका सगळ्या माझ्याकडेच होत्या. म्हणजे त्यांच्या फायलींत इतिवृत्त गेलं होतं. जी सभा सुरू होऊन चार मिनिटं झाली होती, तिचं इतिवृत्त.

बाहेरच्यांना वाटतं, आधी सभा होते आणि मग तिचं इतिवृत्त लिहितात. भोळे आहेत बिचारे. आमच्या सभा विभागात ते आदल्या दिवशीच तयार असतं. कुलसचिव बोलावून काय ठरणार ते सांगतात, मी टंकते, आणि दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे ठरतं. एकतीस वर्षांत माझा मजकूर एकदाही चुकला नाही. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला सांगू?

ही शैक्षणिक स्वातंत्र्य समिती मात्र नवी होती. भाषा विभागातल्या एका बाईंनी परीक्षेत प्रश्न काढला होता, वरिष्ठांना न रुचणारी गोष्ट शिक्षकानं शिकवावी का? तेवढ्यासाठी चौकशी करून त्यांना सहा महिने घरी बसवलं होतं. ओरड झाली म्हणून समिती नेमली. अध्यक्ष कोण होतो त्यावर बाईंची नोकरी राहणार की जाणार हे ठरणार होतं, आणि ते शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. कुलसचिवांना अधिष्ठाता हवे होते. माणूस सज्जन, पण कुणाच्या अध्यात ना मध्यात.

शांतता मोडली ती भूगर्भशास्त्राच्या म्हाताऱ्या प्राध्यापकांनी. मुलं त्यांना दगडमास्तर म्हणत आणि त्यांनाही ते आवडायचं.

"अधिष्ठात्यांच्या नावाला मी अनुमोदन दिलं, असं लिहिलंय इथं," ते म्हणाले. "वर दोन शब्द कौतुकाचेही बोललो म्हणे. बरा बोललो का हो मी?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. अधिष्ठाता स्वतःचं आभाराचं भाषण वाचत होते आणि त्यांचे कान लाल झाले होते. कुलसचिव मुळीच गडबडले नाहीत. लेखनिकाची चूक आहे, बाई निवृत्तीला आल्यात, होतं असं कधीकधी, म्हणत त्यांनी फायली परत मागितल्या. मग माझ्याकडे वळून गोड आवाजात म्हणाले, "नमुना म्हणून तुम्हीच केलं होतं ना हे?"

नुसतं हो म्हणायचं होतं. चार महिने राहिले होते. खिडकीजवळचं टेबल, माझी उशी घातलेली खुर्ची, निरोपसमारंभ, सगळं सुखासुखी झालं असतं. पण मला राग आला. एकतीस वर्षं राबले त्याला हा नमुना म्हणतो? आणि रागापाठोपाठ दुसरंच आठवलं, जे सहा महिने मी आठवू दिलं नव्हतं. मी उभी राहिले. त्या सभागृहात मी आजवर फक्त पंखा लावायला उठले होते.

"कागद बदलले, ही चूक माझी," मी म्हणाले. "मजकूर कुलसचिवांनी काल चार वाजता सांगितला. दर वेळी सांगतात. भाषेच्या बाईंच्या चौकशीचा निकालसुद्धा मी चौकशीच्या आदल्या दिवशीच टंकला होता."

आता कुणी हसलं नाही. अधिष्ठात्यांनी फाइल मिटली, आपल्याला यातलं काही माहीत नव्हतं असं म्हणाले आणि नाव मागे घेतलं. दगडमास्तरांचं नाव पुढं आलं. मग जो वाद पेटला, तो दोन तास. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या, सहा त्यांच्या बाजूनं, तीन विरुद्ध. मी हातानं लिहीत होते आणि माझी त्रेधा उडाली होती. खरं बोलणारी माणसं किती भरभर बोलतात, अर्ध्यावर मत बदलतात, याची मला सवयच नव्हती. पानभर काट, बाण, समासात घुसवलेल्या ओळी. कुलसचिव म्हणाले, स्वच्छ टंकून आणा. दगडमास्तरांनी तोच कागद ओढला आणि खाली अध्यक्ष म्हणून सही ठोकली.

घरी नवऱ्याला सांगितलं. त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, बोलणं बेताचं. कागद खरंच चुकून बदलले का, एवढंच त्यानं विचारलं. खरंच चुकून, म्हटलं, उभी राहिले ते मात्र चुकून नाही. त्यानं माझ्या ताटात आणखी भात वाढला.

आठवडाभरात माझी बदली तळघरातल्या जुन्या दप्तरात झाली. निरोपसमारंभ बारगळला. वाईट वाटलं, फार वाटलं. साडी घेऊन ठेवली होती. खाली माझीच एकतीस वर्षं बांधून ठेवलेली, खंडामागून खंड. दुपारी उघडून बसायची. सुबक पानं, एक काट नाही. वाचवत नसे.

शेवटच्या आठवड्यात एक बाई जिना उतरून आल्या. नवी चौकशी लागली होती, तीत जोडायला समितीच्या पहिल्या सभेची प्रत हवी होती. अर्जावरचं नाव वाचलं आणि कळलं, याच त्या भाषेच्या बाई. मी कोण, ते त्यांना ठाऊक नव्हतं, मीही सांगितलं नाही. त्या कागदाची प्रत काढून दिली. त्यांनी ती उलटसुलट पाहिली.

"खाडाखोड फार आहे हो यात," त्या काळजीनं म्हणाल्या. "चालेल ना?"

"चालेल," मी म्हणाले. "त्या दिवशी सभा झाली होती."

मग प्रतीवर शिक्का मारला आणि खाली माझी सही केली.