हाक ऐकणारा माणूस

पडद्यावरचं लोखंडी दार बंद होण्याच्या जरा आधी अझीमचा अंगठा रिमोटवर हलायचा. आधी अंगठा दाबला जाई, आवाजाच्या हिरव्या रेघा कमी होत, आणि मग दार आपटे. मोठा आवाज आला म्हणून माणूस तो कमी करतो, हे समजण्यासारखं आहे. इथे क्रम उलटा होता. पहिल्यांदा मी योगायोग म्हटलं. माझा दीर झैन याने सिनेमा पुन्हा लावला तेव्हाही तसंच झालं, आणि माझ्या हातातली सुपारीची वाटी मला खाली ठेवावी लागली.

ईद होऊन आठवडा झाला होता. अझीम, माझा नवरा, मालवाहू बोटीवर इंजिन-फिटर आहे. ईदच्या आधी तो राजिवड्याला घरी आला, तो नेहमीसारखा नव्हता. निजताना खोलीच्या दाराला कडी लावू देत नव्हता. टीव्हीवर एडनच्या आखातातल्या चाच्यांच्या बातम्या लागल्या की उठून पाणी प्यायला जायचा. एकदा मी विचारलं, "तुमच्या बोटीला काही झालं नव्हतं ना?"

"नाही गो," तो म्हणाला, आणि पंखा पुसायला स्टुलावर चढला. पंखा स्वच्छच होता.

मुंबईहून एजंटचा रोज फोन येत होता. बोट तयार होती, मार्ग तोच होता. अझीम रोज "उद्या सांगतो" म्हणायचा. काल एजंटने बजावलं होतं, उद्या चारला शेवटचा फोन करीन, नाहीतर जागा दुसऱ्याला. त्याने नाही म्हणावं असं मला वाटत होतं. पण ते मी बोलले नव्हते. जे विचारायचं त्याचं उत्तर ऐकायची माझीच तयारी नव्हती.

आणि आज, तीन वाजून गेल्यावर, झैनने सीडी तिसऱ्यांदा लावली.

सिनेमा इंग्रजी होता, हिंदीत डब केलेला. गोदीतल्या एका वेल्डरला अपघातानंतर विलक्षण कान मिळतात. जगात कुठेही कोणी संकटात हाक मारली की याला ऐकू येतं, आणि हा उडत तिथे पोहोचतो. झैनने तो टॉकीजमध्येही दोनदा पाहिला होता.

"अंगात ताकद असलेले हीरो ढीगभर आहेत, भाबी," तो म्हणाला. "हा आधी ऐकतो. तिथेच तो वेगळा आहे."

"कल्पना चांगली आहे," मी म्हटलं. मी कॉलेजात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. "पण दोनशे मैलांवरची हाक हवेतून याच्या कानापर्यंत यायला पाव तास लागेल. तोवर तिथे सगळं उरकलेलं असेल."

"पाण्यातून येत असेल."

"मग चौपट लवकर. तरी उशीरच."

"तुम्ही पिक्चर बघताय की पेपर तपासताय?"

"दोन्ही. शंभरात चाळीस देईन."

"नापास नाही केलंत, मेहरबानी." तो हसला. "व्हिलन फुसका आहे, तेवढं मान्य. शेवटी त्याला नक्की काय हवं होतं तेच कळत नाही. पण समुद्र बघा. पाणी अंगावर येतं."

"समुद्र चांगला दाखवलाय," मी म्हटलं. "आणि तो ऐकायला लागला की संगीत थांबतं, तेही चांगलं आहे. त्याचे पाच वाढवते."

मी बोलत होते, कारण खोलीत कोणीतरी बोलत राहायला हवं होतं. माझं लक्ष अझीमकडे होतं. त्याचे पाय जमिनीवर पूर्ण टेकलेले नव्हते, टाचा उचललेल्या होत्या.

"भाई, तू सांग ना," झैन म्हणाला. "बोटीवरचा माणूस तू."

पडद्यावर चाचे बोटीवर चढले. खलाशी इंजिन-रूममध्ये धावले. अंगठा हलला, दार बंद झालं. आतल्या खलाशांनी नट-बोल्टचे पाने उचलले आणि सगळे मिळून लोखंडी भिंतीवर ठोकू लागले. दूर शहरात हीरोने मान वळवली.

तेवढ्यात लाईट गेली. लोडशेडिंगची वेळ अजून झाली नव्हती. टीव्ही विझला, पंखा मंदावत थांबला. उन्हासाठी खिडक्या ओढून घेतल्या होत्या, त्यामुळे खोलीत बराच अंधार झाला. खाडीतून एका लाँचचं इंजिन ऐकू येत होतं, तेही बंद पडलं.

मग बाहेरच्या जाळीच्या दारावर लोखंडाने ठोकल्याचा आवाज आला.

झैनने "आलो" म्हणायला तोंड उघडलं. शब्द निघाला नाही. अझीमचा पंजा त्याच्या तोंडावर बसला होता. दुसऱ्या हाताने त्याने झैनचं डोकं मागून धरलं होतं. आधी झैनला ती मस्करी वाटली, त्याच्या गालांवर हसू दिसलं. मग त्याने हात सोडवायचा प्रयत्न केला आणि त्याला तो सुटेना. त्याचं नाकही दाबलं गेलं होतं. अझीम त्याच्याकडे बघतच नव्हता, त्याची नजर दाराकडे होती.

पुन्हा ठोकल्याचा आवाज आला.

"अहो, अम्मी आहेत," मी म्हटलं. मी त्याची बोटं एकेक करून सोडवू लागले. ती गार होती. "अम्मी आल्यात बाजारातून. किल्लीने ठोकतायत. आपल्या घरी आहोत आपण."

"झोपलेत काय रे सगळे?" बाहेरून सासूबाई म्हणाल्या. "हातात मासळी आहे माझ्या."

अझीमचा हात गळून पडला. झैन भिंतीला टेकून जोरजोरात श्वास घेत राहिला. मी जाऊन दार उघडलं. सासूबाई आत आल्या, आमचे चेहरे बघून पिशवी हातातच धरून उभ्या राहिल्या.

"ते ठोकतात, ते चूक आहे," अझीम म्हणाला. कोणी काही विचारलं नव्हतं. "पिक्चरमध्ये. आतले कधी ठोकत नाहीत. बाहेरचे ठोकतात. आतल्यांनी आवाज करायचा नसतो. हाकच मारायची नसते, मग तो ऐकणार काय?"

झैनने बाहीने तोंड पुसलं.

"चाचे आमच्या दारावर बंदुकीच्या दस्त्यांनी ठोकत होते. इंजिन बंद, दिवे बंद. मंडणगडचा केरू माझ्या बाजूला होता, त्याला खोकला आला." त्याने आपला पंजा उलटासुलटा करून पाहिला. "मी त्याचं तोंड दाबून धरलं. ते निघून गेले तरी मला सोडायचं सुचलं नाही. बाकीच्यांनी ओढून काढलं मला. जगला तो. मला म्हणाला, बरं केलंस. पण चाच्यांपेक्षा मला माझीच भीती वाटते."

सासूबाई खाली बसल्या. त्यांनी चाळीस वर्षं बोटीवरच्या माणसाची वाट बघितली होती.

"भाई," झैनने गळा चोळत हळूच विचारलं, "तू घाबरलास?"

"हो."

फोन वाजला. लाईट नसली तरी तो वाजतो, हे मला माहीत होतं, तरी मी दचकले. अझीम उठला. त्याला जाताना माझ्यासमोरून जावं लागलं, आणि या वेळी मी त्याचा हात धरला. तो सोडवून न घेता त्याने दुसऱ्या हाताने रिसीव्हर उचलला.

पलीकडून एजंटचा आवाज येत होता. अझीमने त्याला बोलू दिलं. मग म्हणाला, "मी येणार नाही. या बोटीवर नाही, दुसऱ्याही नाही."